डाव्या बाजूचा मल्हार

शिरीषकाकांचा फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ट्राममध्ये दांडीला धरून उभी होते. ऑफिसची वेळ, ओले कोट, कुणाच्या तरी हेडफोनमधून झिरपणारं संगीत. शिरीषकाका म्हणजे माझ्या संध्यामावशीचे यजमान, मल्हारचे वडील. ते फोन करायचे ते रविवारी, तेही आधी मेसेज टाकून, ‘बोलायला वेळ आहे का’ असं विचारून. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव दिसताच मी दांडी सोडून फोन उचलला. "मेघा, मल्हार उठत नाहीये," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "मावशी हलवून बघतेय. पण उठत नाहीये तो." मी विचारलं, ॲम्ब्युलन्स बोलावलीत का. "हो, ती माणसं इथेच आहेत. ते म्हणतायत तो गेलाय. पण तू ये, म्हणजे बघू आपण काय ते…" काय बघायचं होतं, ते मी विचारलं नाही. पुढच्या स्टॉपला उतरले आणि उलट दिशेने चालायला लागले, मग भानावर येऊन स्टेशनची वाट धरली.

क्लॅपहॅमला गाडी बदलून मावशीच्या गावी, रीडिंगपर्यंतचा तो प्रवास मला आठवतो तो त्या एका वाक्यामुळे. मावशी हलवून बघतेय. मल्हारला कुणी हलवू शकायचं नाही, हाच तर त्याचा व्यवसाय होता. दीडशे किलोची, धावत अंगावर येणारी माणसं त्याला जागेवरून हलवायचा प्रयत्न करायची आणि तो हलायचा नाही, यासाठी त्याला अमेरिकेत नेलं होतं. आणि आता माझी पाच फूटही नसलेली मावशी त्याचा खांदा धरून त्याला हलवत होती.

मल्हार दाते हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत असण्याचं काही कारण नाही. ज्या खेळात त्याने आयुष्य घातलं तो आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि जे बघतात त्यांनाही त्याच्या जागेवरच्या खेळाडूंची नावं आठवत नाहीत. तो माझा मावसभाऊ. मी पुण्याहून रीडिंगला नोकरीसाठी आले आणि पहिले काही महिने मावशीकडे, जिन्याच्या टोकाशी असलेल्या छोट्या खोलीत राहिले, तेव्हा तो शाळेत होता आणि तेव्हाच दाराच्या चौकटीतून खांदे तिरके करून आत यायचा. काका किरकोळ, मावशी चिमणीएवढी, आणि त्यांच्यात हा. मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी त्याला सगळ्यांच्या मागे उभं करायचे, कारण तो पुढे असला की मागच्यांना मूर्ती दिसायची नाही. बायका मावशीला विचारायच्या, "काय खायला घालता हो याला?" आणि तो ऐकू न आल्यासारखं करून टाळ वाजवत राहायचा. आपण फार जागा व्यापतो, याची त्याला मनापासून लाज वाटायची. सोफ्यावर बसतानासुद्धा एका कडेला बसायचा. त्याचं मराठी इथल्या मुलांचं होतं. पोळी त्याच्या लेखी ‘तो’ होता आणि भात ‘ती’. मी दुरुस्त करायला गेले की म्हणायचा, "ताई, पोटात गेल्यावर सगळे सेमच."

शाळेत रग्बी खेळत होता, पण त्यात पळावं लागतं आणि चेंडू घेऊन पुढे जावं लागतं, ते त्याला जमायचं नाही. मग कुणीतरी त्याला नदीकाठच्या मैदानावर नेलं, जिथे रविवारी सकाळी काही हौशी लोक अमेरिकन फुटबॉल खेळायचे. उधारीचं हेल्मेट, चिखल, थंडी. गॅरेथ नावाचा वेल्श कोच होता. त्याने मल्हारला रांगेत डावीकडच्या टोकाला उभं केलं. त्या दिवशी घरी येऊन मल्हारने जेवणाच्या टेबलावर आम्हाला तो खेळ समजावून सांगितला. मिठाची बाटली म्हणजे क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. त्याच्यापुढे पाच वाट्या, ती ऑफेन्सिव्ह लाइन. समोरून येणाऱ्यांना अडवायचं आणि बाटलीला धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच या पाच जणांचं काम. त्यांनी चेंडूला हात लावायचाच नाही. "आणि हा मी," म्हणून त्याने लोणच्याची बरणी उचलून डावीकडे ठेवली. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतो, तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते. डावीकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही. "तो बघत नाही, म्हणून मी बघायचा," मल्हार म्हणाला. इतका वेळ सलग बोलताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं. काकांनी विचारलं, "म्हणजे गोल वगैरे तू कधी करणार नाहीस?" तो खूश होऊन म्हणाला, "कधीच नाही, बाबा."

काकांची इच्छा त्याने इंजिनियर व्हावं अशी होती. ते गॅरेथशी बोलायला गेले ते भांडायच्या तयारीने, आणि परत आले ते गप्प. फार नंतर मला त्यांनी सांगितलं, की गॅरेथ म्हणाला, बाकीच्या मुलांना समोरच्याला पाडायची मजा वाटते, तुमच्या मुलाला मागच्याला वाचवायची वाटते. ते मी कुणाला शिकवू शकत नाही. युनिव्हर्सिटीत तो खेळत राहिला, आणि पुढे परदेशी खेळाडूंसाठीच्या एका निवड-शिबिरातून तो अमेरिकेला गेला. मिडवेस्टमधल्या एका थंड शहरातल्या संघाने त्याला ठेवून घेतलं, पण सरावापुरतं. आठवडाभर मार खायचा आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत उभं राहायचं. दोन हंगाम असे गेले. मग पहिल्या पसंतीच्या खेळाडूचा गुडघा गेला आणि रविवारी संध्याकाळी आमच्या टीव्हीवर मल्हार दिसला.

पाठीवर इंग्रजीत दाते. तिकडच्या समालोचकाने त्याचा उच्चार केला ‘डेट’. संघातले सगळे त्याला तेच म्हणायचे. त्यावरून विनोदही व्हायचे. टीव्हीवर कुणी ‘डेट’ म्हटलं की काका सोफ्यावरून हळूच म्हणायचे, "दाते." प्रत्येक वेळी. जणू तिकडे ऐकू जाणार आहे. तसं ते नाव क्वचितच यायचं. त्या जागेवरच्या माणसाचं नाव घेतात ते त्याच्याकडून चूक झाली तर, किंवा त्याला लागलं तर. त्यामुळे आमच्या घरात चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी मल्हारचं नाव ऐकू आलं नाही तो. सामना संपला की काका समाधानाने म्हणायचे, "आज एकदाही नाव नाही आलं." मी तेव्हा लग्न होऊन क्रॉयडनला राहायला गेले होते, पण हंगामातले रविवार शक्य तेव्हा रीडिंगला काढायचे. मी आणि काका चेंडूमागे डोळे फिरवायचो. चेंडू हवेत गेला की सगळं जग तिकडे बघतं. मावशी बघायची नाही. तिचे डोळे डाव्या टोकावरून हलायचेच नाहीत. कॅमेरा दुसरीकडे गेला तरी ती पडद्याच्या त्याच कोपऱ्याकडे बघत असायची, तो परत दिसेपर्यंत.

त्यामुळे आम्हाला जे दिसलं नाही ते तिला दिसलं. एकदा सामना चालू असताना ती म्हणाली, "प्रत्येक वेळी त्याचं डोकं आपटतं." काका म्हणाले, "हेल्मेट आहे गं." ती म्हणाली, "हेल्मेटच्या आत डोकं आहे." मग मी पाहिलं, की दर वेळी दोन्ही रांगा एकमेकांवर आदळल्या की तिचा हात आपोआप स्वतःच्या टाळूवर जायचा आणि खाली यायचा. कुणी पडत नव्हतं, कुणाला स्ट्रेचरवर नेत नव्हते. दिसेल असं काही होतच नव्हतं. नुसती टक्कर, मग पुन्हा रांग, मग पुन्हा टक्कर. आणि सोफ्यावर मावशीचा हात वर जातोय, खाली येतोय… आजही त्या खोलीत गेले की मला टीव्हीपेक्षा तो हात आधी आठवतो.

ऑफिसच्या कामासाठी मी अमेरिकेला गेले होते तेव्हा एक दिवस काढून त्याच्याकडे गेले. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. मोठं, जवळजवळ रिकामं घर. त्याची एक मैत्रीण तिथे राहायची, ती तेव्हा सोडून गेलेली होती. पडदे ओढलेले, आणि हा काळा चष्मा लावून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेला, कारण खुर्चीवर बसून त्याला मोजे घालता येत नव्हते. मी सवयीने बटणाकडे हात नेला. "ताई, लाइट नको. आज लाइट मोठी आवाज करते," तो म्हणाला. मला वाटलं, मराठीचा घोळ. विचारलं, म्हणजे काय. तर म्हणाला, कधीकधी होतं, टक्कर झाली की एक क्षण सगळं पांढरं होतं, मग परत येतं. दुसऱ्या दिवशी थोडं उरतं. मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगितलंस?" तो मोजा ओढत राहिला. "सांगितला की बसवतात. बसवला की दुसरा माणूस येतो. मी पण तसाच आलो ना, ताई." हे त्याने कुरकुर न करता, मला वाईट वाटू नये अशा बेताने सांगितलं. मग मी केलेले पोहे कढईभर खाल्ले आणि म्हणाला, आईचे असे नसतात. आईचे जरा ओले असतात.

त्याची कारकीर्द फार मोठी झाली नाही. काही चांगले हंगाम, मग गुडघा, मग दुसऱ्या शहरातला दुसरा संघ, तिथून एका सकाळी आलेला निरोप की आता गरज नाही. तो रीडिंगला परत आला तेव्हा मावशीने तळमजल्यावरची समोरची खोली त्याच्यासाठी लावली, कारण जिना चढताना गुडघा दुखायचा. आणि मी हे मुद्दाम लिहिते, की मधली काही वर्षं खरोखर सुखाची होती. तो कॉलेजात मुलांना खेळ शिकवायचा, नदीकाठच्या त्याच मैदानावर त्याच हौशी संघाचा कोच झाला. मावशीला बाजारात घेऊन जायचा. रस्त्याने चालताना तो नेहमी आपल्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे असायचा. माझ्या मुलीला तो आपल्याला भिंत म्हणायला लावायचा. "मी मामा नाही, मी वॉल," असं सांगून तिला अंगावर चढू द्यायचा.

मग एका हिवाळ्यात मी रीडिंग स्टेशनवर उतरले आणि तो न्यायला आला होता. बाहेर गाडी उभी होती, इंजिन चालू, वायपर चालू, पाऊस मात्र थांबलेला. मी काचेवर टकटक केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं ते अनोळखी माणसाकडे बघतात तसं, सभ्यपणे. मग चेहरा सैल झाला. मी आत बसले. गाडी चालू लागल्यावर म्हणाला, "ताई, मी इथे कोणाला घ्यायला आलो, ते मला माहीत नव्हता. पण कोणीतरी येणार, ते माहीत होता. म्हणून थांबलो. मग तू आली, तेव्हा कळला, की तूच." आणि हसला. मला हसू आलं नाही. घरी गेल्यावर मी मावशीला बाजूला घेऊन सांगायला लागले, तर तिने मला पुरं बोलूच दिलं नाही. "मला माहीत आहे," म्हणाली. "कालची गोष्ट विचारत नाही मी त्याला आता."

ते हळूहळू वाढत गेलं. टोस्टर लवकर उडाला म्हणून त्याने तो भिंतीवर फेकला आणि मग स्वतःच तुकडे गोळा करत रडला. कॉलेजची नोकरी गेली. घराकडे येणारा रस्ता हुकायला लागला. पण ज्याने मला आजही झोपेतून जाग येते, ते निराळंच. मागच्या उन्हाळ्यात आम्ही संध्याकाळी चहा घेत बसलो होतो, मागचं दार उघडं होतं. उजेड अजून भरपूर होता. मल्हार गवतावर उभा होता. पाहता पाहता तो खाली वाकला, एक हात जमिनीला टेकवला, मान वर, पाठ सपाट. सामन्यात उभा राहायचा तसा. समोर शेजाऱ्यांचं लाकडी कुंपण, दुसरं कुणी नाही. तो तसाच राहिला. मी उठायला लागले तर काकांनी माझा हात धरला. "तुला येत नाही ते," म्हणाले. मावशी चहाचा कप ठेवून बाहेर गेली. आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला, इंग्रजीत, कुणाला तरी विचारत होता. मागे कोण आहे? मागे कोण आहे? मावशी जाऊन त्याच्या बरोबर मागे, चार हातांवर उभी राहिली, साडीवर स्वेटर घातलेली, आणि मराठीत म्हणाली, "मी आहे रे. मी आहे मागे." त्याने मान वळवली नाही. पण खांदे जरासे उतरले. ती तिथून हलली नाही, आणि तोही नाही, आणि आम्ही दोघं दारातून बघत बसलो, आमचा चहा गार होत… मग केव्हातरी तो गुडघा धरून उठला आणि "आई, तू थंडीत का उभी?" असं विचारून तिला आत घेऊन आला.

काका नंतर म्हणाले, हे असं बऱ्याचदा होतं. मागे कुणी नसलं तर तो उठत नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की शंका बळकट आहे, पण वारंवारच्या टकरींनी मेंदूत नेमकं काय झालंय ते माणूस जिवंत असताना खात्रीने सांगता येत नाही. नंतरच, सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. मल्हारने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच रविवारी जेवताना, वरणभात कालवत, म्हणाला, "मग नंतर बघू दे त्यांना. मी हो सांगितला आहे." मावशी ताटावरून उठली आणि नळ सोडून हात धूत राहिली. पुढे किती दिवस तिने तो विषय घरात येऊ दिला नाही.

तर त्या सकाळी मी पोचले तेव्हा दाराशी एक तरुण पोलीसबाई उभी होती. घरात अचानक मृत्यू झाला की इथे पोलीस येतात. मल्हार त्याच्या खोलीत, पलंगावर, उजव्या कुशीवर. झोपेत हृदय थांबलं होतं. मावशी त्याच्या उशाशी बसलेली. मला बघून तिने फक्त सांगितलं, "खोबरेल आण. कोमट करून." मी स्वयंपाकघरात जाऊन वाटीत तेल घेतलं, गॅसवर धरलं. काम मिळाल्याने बरं वाटत होतं. वाटी घेऊन खोलीत आले तेव्हा पोलीसबाई गोंधळली. कशाला हात लावायचा नाही, असं तिला सांगितलेलं असणार. "काय करतायत त्या?" तिने काकांना विचारलं. काका म्हणाले, "शी इज हिज मदर." ती बाहेर जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलली, परत आली आणि मान हलवली. मग टोपी काढून हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मावशी त्याच्या टाळूवर तेल घालत होती आणि हळू आवाजात बोलत होती. माझ्याशी की त्याच्याशी, मला कळलं नाही. तो झाला तेव्हा इथे मदतीला कुणी नव्हतं. पुण्याला फोन लावून आपल्या आईला विचारायची, टाळू कशी भरायची, किती दाबायचं. रोज आंघोळीनंतर भरायची. घरी तपासायला येणारी नर्स रागवायची, डोक्याला इतका हात लावू नका म्हणायची. "मी म्हटलं, तुमची पोरं तुम्ही सांभाळा, माझं मी बघते. हाताला लागायची गं ती जागा. मऊ. आत धडधडायची… मग एक दिवस भरून आली." तिचा हात तिथेच थांबला. "इतकं टणक केलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी मेंदूवर संशोधन करणाऱ्या केंद्रातल्या बाईंचा फोन आला. काकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तो हो म्हणून गेलाय, ते खरं. पण संध्या नाही म्हणाली तर मीही नाही म्हणणार." पोस्टमॉर्टेम होणारच होतं, ते कुणाच्या हातात नव्हतं. प्रश्न होता तो मेंदू मागे ठेवून द्यायचा की नाही, आणि मल्हारला त्याच्याविना अग्नी द्यायचा की नाही. मी फोन स्पीकरवर ठेवला. त्या बाई फार हळुवारपणे बोलत होत्या. मावशीने मराठीत सांगून मला विचारायला लावलं, की परत देताना नीट करून देतात का, वरून काही दिसतं का. काही दिसणार नाही, त्या म्हणाल्या. मावशी बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत बसली. काका खिडकीशी उभे होते. मी म्हटलं, "मावशी, नको वाटत असेल तर नको. कुणी काही म्हणणार नाही." तिने मान वर केली. "तुम्ही सगळे चेंडू बघत होतात," म्हणाली. रागाने नव्हे, साधं. "मी त्याला बघत होते. त्यात काय आहे ते मला माहीत आहे. मला कुणी सांगायला नको. पण मी म्हटलं तर कोण ऐकणार? त्यांनी म्हटलं तर ऐकतील. नदीवर अजून पोरं खेळतायत." मग फोनकडे वाकून, तिच्या इंग्रजीत, एक एक शब्द सुटा करत म्हणाली, "येस. यू टेक. बट यू टेक केअर."

अंत्यविधीला रीडिंगच्या क्रेमेटोरियममध्ये जागा पुरली नाही. मंडळाची माणसं होती, नदीकाठचा अख्खा संघ होता, जर्सीवर कोट घातलेला. म्हातारा झालेला गॅरेथ होता. आणि अमेरिकेतून एक सडपातळ, केस पिकायला लागलेला माणूस आला होता, तो मल्हारच्या पहिल्या संघाचा क्वार्टरबॅक. तो मावशीसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, की मी तुमच्या मुलाला खेळताना खरं म्हणजे कधी पाहिलंच नाही. तो नेहमी मला न दिसणाऱ्या बाजूला असायचा. मला वळून बघावं लागलं नाही कधी. मी भाषांतर करायला लागले तर मावशी म्हणाली, "कळलं मला." तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि मग, का कुणास ठाऊक, हात उंच करून त्याच्या केसांवरून एकदा हात फिरवला. तो माणूस वाकून, डोकं खाली घालून, ती हात काढेपर्यंत तसाच राहिला.

अहवाल अजून आलेला नाही. महिने लागतात म्हणे. काका पोस्टमनची वेळ झाली की बैठकीत येऊन बसतात आणि तो पुढे गेला की उठतात. काय लिहिलेलं असेल ते आम्हा तिघांनाही ठाऊक आहे, तरी वाट बघतोय.

मागच्या शनिवारी नदीकाठच्या संघाने त्याच्यासाठी एक सामना खेळला. डोकी आपटणार नाहीत असा, नुसता हातांनी शिवून खेळायचा. गॅरेथनेच तसं ठरवलं होतं. सामन्यानंतर सगळ्यांना घरी जेवायला बोलवायचं असं मावशीने ठरवलं. मी सकाळीच गेले. पावभाजी करायची होती, चाळीसएक माणसांची, आणि मोठं पातेलं स्वयंपाकघराच्या कपाटांवर, छताला लागून ठेवलेलं. मावशी कांदा चिरत होती. मान वर न करता, अगदी सहज, तिने हाक मारली, "मल्हार, तेवढं पातेलं काढ रे."

सुरी थांबली. काका दारात आले होते, ते तसेच मागे वळले आणि शेडमधून शिडी आणतो म्हणाले. मी म्हटलं, "शिडी कशाला, खुर्ची पुरते," आणि खुर्ची ओढून वर चढले. कपाटांच्या वर कुणाचा हात पोचत नाही, तिथे वर्षानुवर्षांच्या फोडण्यांची वाफ बसून तेलकट, दाट धूळ साचते. पातेलं मागे, भिंतीशी होतं. आणि त्याच्यापुढे, त्या धुळीत, दोन पंजे उमटलेले होते. पातेलं आत ढकलताना टेकवलेले. एवढे रुंद, की माझे दोन्ही हात एकात मावले असते. उजव्याची अनामिका मधूनच बाहेर वळलेली, कुठल्यातरी सामन्यात मोडून तशीच जुळलेली. तळव्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

"काय गं, नाहीये का तिथे?" मावशीने विचारलं.

मी खाली उतरले आणि तिला हाताला धरून खुर्चीवर चढवलं, मागून घट्ट धरून ठेवलं. टाचा उंचावल्यावर तिचे डोळे जेमतेम तिथवर पोचले. ती बघत राहिली. श्वास रोखून, की उडेल म्हणून. काका शिडी घेऊन दारात उभे होते. मग तिने हात पुढे केला आणि धुळीला न लावता, वरच्यावर, त्या पंजावर धरला, आणि खाली उतरली.

भाजी त्या दिवशी दोन लहान पातेल्यांत झाली. जागा कमी पडली, तिखट एकात जास्त झालं, पण मुलांनी सगळी संपवली. मोठं पातेलं वरच आहे. मावशी ओटा पुसते, कपाटांची दारं पुसते, वरच्या कडेशी आली की फडकं पिळून वाळत घालते.